पार्किन्सन्समधील ताठरता, आखडलेले अंग आणि संयोजी ऊती: एका सविस्तर प्रश्नाचे उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६८ वर्षांचे आहेत. सहा वर्षांपूर्वी पार्किन्सन्सचे निदान झाले. मधुमेह त्याच्याही आधीपासून आहे. लेव्होडोपा या पार्किन्सन्सवरील मुख्य औषधाची गोळी दिवसातून चार वेळा चालू आहे. कंप फारसा नाही, पण अंग लाकडासारखे झाले आहे. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, पाठीला पोक आले आहे आणि पहाटे उजव्या पायाची बोटे आत वळून दुखतात. एका ठिकाणी सांगण्यात आले की त्यांच्या संयोजी ऊती, म्हणजे स्नायू, हाडे आणि सांधे यांना जोडणारे व वेढणारे धागे-पडदे, कडक झाल्या आहेत, म्हणून त्या ज्या प्रथिनाच्या बनतात त्या कोलॅजेनची पावडर सुरू करावी आणि फॅशिया, म्हणजे स्नायूंभोवतीचे पडदे, मोकळा करण्याची दहा सत्रे घ्यावीत. याचा उपयोग होईल का, व्यायाम नेमका किती करावा आणि यंदा गौरीच्या जेवणाला बाबा पाटावर मांडी घालून बसू शकतील का, असे त्यांच्या मुलीने विचारले आहे.

ताई, ‘अंग लाकडासारखे झाले आहे’ या आपल्या एका वाक्यात दोन वेगवेगळ्या तक्रारी एकत्र आल्या आहेत, आणि त्या वेगळ्या काढल्याशिवाय पुढचे एकही उत्तर धड देता येणार नाही. एक आहे ताठरता. ती मेंदूतून येते आणि गोळीच्या वेळेप्रमाणे दिवसभरात कमी-जास्त होते. दुसरा आहे आखूडपणा. तो स्नायू, त्यांची वेष्टने, स्नायूला हाडाशी बांधणारे स्नायुरज्जू आणि सांध्याभोवतीची पिशवी यांत महिन्यामहिन्यांनी मुरत जातो आणि गोळीला दाद देत नाही. फिजिओथेरपिस्ट म्हणून बावीस वर्षे या रुग्णांबरोबर काम करताना मी जो वेळ आणि पैसा वाया गेलेला पाहिला, तो बहुतेक वेळा एकीचा इलाज दुसरीवर केल्यामुळे गेला.

ताठरतेचे मूळ मेंदूच्या खोल भागात आहे. हालचालींचे निरोप पोचवणारे डोपामिन हे रसायन बनवणाऱ्या तेथील पेशी कमी होत गेल्या की स्नायूंना सैल सोडण्याचे काम नीट होत नाही, आणि हात वाकवणारे व सरळ करणारे असे दोन्ही बाजूंचे स्नायू एकाच वेळी थोडेथोडे आवळलेले राहतात. अशा माणसाचा कोपर दुसऱ्याने सावकाश वाकवला तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच विरोध लागतो. डॉक्टर त्याला शिशाची नळी वाकवण्याची उपमा देतात, आणि त्यात कंप मिसळला की दातेरी चाक अडत अडत फिरावे तसे हाताला जाणवते. पक्षाघातानंतर येणारा कडकपणा निराळा असतो. तिथे हात जितक्या झटक्याने ओढावा तितका विरोध वाढतो. दोन्हींना घरात ‘शिरा आखडल्या’ असेच म्हटले जाते, आणि शेजारच्या काकांना लकव्यानंतर दिलेले व्यायाम पार्किन्सन्सच्या रुग्णाकडून करून घेतले जातात.

आता आखूडपणाकडे येऊ. स्नायूच्या प्रत्येक तंतूभोवती, तंतूंच्या जुडीभोवती आणि पुन्हा अख्ख्या स्नायूभोवती कोलॅजेनची पातळ वेष्टने असतात, आणि तीच वेष्टने टोकाशी एकत्र येऊन स्नायुरज्जू होतात. ही वेष्टने एकमेकांवरून सरकावीत म्हणून मध्ये हायल्युरॉनन नावाच्या पदार्थाचा बुळबुळीत थर असतो. हालचाल कमी झाली की हा थर घट्ट होतो, कोलॅजेनच्या धाग्यांमध्ये जादा गाठी पडतात, आणि स्नायू ज्या लांबीत दिवस काढतो तीच लांबी त्याची कायमची होऊ लागते. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मांजराच्या पोटरीचा सोलियस हा स्नायू आखूड स्थितीत चार आठवडे प्लास्टरमध्ये ठेवला, तेव्हा त्याच्या तंतूंमधील सार्कोमिअर, म्हणजे आकुंचनाची सर्वांत लहान एकके, सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाली. प्लास्टर काढल्यावर ती पुन्हा भरून आली, हेही त्याच प्रयोगात दिसले. आपल्या वडिलांना कोणी प्लास्टर घातलेले नाही, पण कंबर, गुडघे आणि कोपर वाकवून, मान पुढे काढून दिवसाचे बारा-चौदा तास सोफ्यावर बसणाऱ्या माणसाच्या स्नायूंना त्यात फारसा फरक कळत नाही. पार्किन्सन्समध्ये हा बदल स्नायूतच होतो असे मानायला जुना आधारही आहे. १९८१ साली डीट्झ या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालताना पोटरीच्या स्नायूची नोंद घेतली, आणि विद्युत क्रिया त्या मानाने वाढलेली नसतानाही स्नायूत ताण जास्त असल्याचे त्यांना आढळले.

आपल्या वडिलांच्या बाबतीत मधुमेहाची भर आहे. रक्तातील जादा साखर वर्षानुवर्षे कोलॅजेनला चिकटते आणि धागे एकमेकांशी बांधून टाकते, त्यामुळे हातांची कातडी, बोटांचे सांधे आणि खांद्याची पिशवी लवकर घट्ट होतात. त्यांना नमस्कार करायला सांगून पाहा. दोन्ही तळवे आणि बोटे सपाट टेकतात, की बोटांच्या मध्ये फट राहते? फट राहत असेल तर तो बराचसा साखरेचा परिणाम असू शकतो, आणि मग गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अहवाल मला व्यायामाच्या तक्त्याइतकाच महत्त्वाचा वाटतो.

ताठरता किती आणि आखूडपणा किती, हे घरी अंदाजाने ओळखता येते. गोळी घेतल्यानंतर साधारण तासाभराने, ती पूर्ण लागू झालेली असताना, वडिलांना कडक गादीवर उताणे झोपवा, उशी काढून घ्या आणि दहा मिनिटे थांबा. गप्पा मारत राहा, म्हणजे त्यांचे लक्ष मानेकडे राहणार नाही. डोके हळूहळू खाली जाऊन गादीला टेकले तर पोक अजून ऊतींत मुरलेले नाही. दहा मिनिटांनंतरही डोके अधांतरी राहत असेल, तर डोके आणि गादी यांच्यामध्ये किती घड्यांचा टॉवेल बसतो ते मोजून लिहून ठेवा. त्यानंतर त्यांचे मनगट हातात घेऊन सावकाश खाली-वर करा आणि त्यांना दुसऱ्या हाताची मूठ उघडायला-मिटायला सांगा. तेवढ्याने मनगटातला विरोध वाढला तर ती ताठरता समजावी. ऊतींचा आखूडपणा असेल तर दुसऱ्या हाताने काहीही केले तरी फरक पडत नाही. सांधा एका ठिकाणापर्यंत बऱ्यापैकी सहज जातो आणि मग चामड्याचा पट्टा ताणल्यावर लागतो तसा थांबा लागतो. बहुतेकांमध्ये दोन्ही सापडतात. माझ्या अनुभवात सहा वर्षांच्या आजारात मान आणि मनगटे ताठरतेच्या बाजूची असतात, तर खांदा, जांघेचा पुढचा भाग आणि पोटरी आखूडपणाच्या बाजूला गेलेले असतात.

खांद्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण इथे चूक फार होते. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या १५० पार्किन्सन्स रुग्णांच्या एका अभ्यासात सुमारे १३ टक्के रुग्णांना फ्रोझन शोल्डर, म्हणजे पिशवी आवळून धरलेला खांदा, झालेला आढळला, तर तुलनेसाठी घेतलेल्या इतर लोकांत हे प्रमाण २ टक्क्यांहून कमी होते. काही रुग्णांमध्ये तर खांदा आधी धरला आणि पार्किन्सन्स एक-दोन वर्षांनी ओळखू आला. चालताना ज्या बाजूचा हात झुलायचा थांबतो, त्या बाजूच्या खांद्याची पिशवी रोजची मोकळी हालचाल गमावून बसते, हे त्यामागचे सरळ कारण. मधुमेहातही फ्रोझन शोल्डर जास्त होतो. म्हणजे आपल्या वडिलांच्या उजव्या खांद्याला दोन्ही बाजूंनी निमंत्रण होते. तपासण्याची रीत सोपी आहे: कोपर बरगडीला चिकटवून काटकोनात वाकवायचा आणि पंजा बाहेरच्या बाजूला न्यायचा. डावा पंजा जितका बाहेर जातो त्याच्या निम्माही उजवा जात नसेल तर पिशवी आवळलेली आहे. पंजा बाहेर चांगला जातो पण हात वर उचलताना मध्येच दुखते किंवा ताकद लागत नाही, असे असेल तर खांद्याभोवतीचा स्नायुरज्जू दुखावला असण्याची शक्यता जास्त असते आणि मग सोनोग्राफी करून घ्यावी, कारण तिथे जोर लावून हात वर ओढण्याने नुकसानच होते.

पिशवी आवळलेली असेल तर अंघोळीनंतर, अंग गरम असताना आणि गोळी लागू असताना, उताणे झोपून दोन्ही हातांत एक काठी धरावी आणि डाव्या हाताने उजवा हात बाहेर ढकलावा. दुखणे सुरू होते तिथे थांबून श्वास सोडत एक मिनिट राहावे. असे चार वेळा. तेच काठीने हात डोक्याकडे नेताना करावे. मला स्वतःला याहून जास्त उपयोगी वाटते ते वाळत घालण्याचे काम. जुन्या घरांत कपडे उंच दांडीवर काठीने टाकत असत, आणि ते काम करणाऱ्या आजींचे खांदे सत्तरीतही मोकळे असत. माझ्याकडच्या एका निवृत्त शिक्षकांच्या घरी मी गॅलरीतील दोरी दर पंधरा दिवसांनी चार बोटे वर बांधायला सांगितली होती. त्यांनी व्यायामाचा कागद तिसऱ्या दिवशी हरवला, पण पंचे आणि रुमाल वाळत घालणे सहा महिने चालू ठेवले, आणि हात कानापर्यंत नेऊन दाखवला.

यातून ताणाच्या व्यायामाविषयीचा माझा मुख्य मुद्दा निघतो. २०१७ साली वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेने सांध्यांच्या आखूडपणावरील ताणाच्या उपचारांचे एकत्रित परीक्षण प्रसिद्ध केले. त्यात चेतासंस्थेचे आजार असलेले रुग्णही होते, आणि निष्कर्ष असा होता की सात महिन्यांपेक्षा कमी काळ दिलेल्या ताणाने सांध्याच्या हालचालीत रुग्णाला जाणवेल असा फरक पडत नाही. आम्हा फिजिओथेरपिस्टांना तो वाचताना बरे वाटले नाही. पण मला त्यात ताणाविरुद्धचा निकाल दिसत नाही. जे ऊतक बारा तास आखूड राहते ते वीस मिनिटे ताणून उरलेल्या वेळात पुन्हा तसेच ठेवले तर ते बाराच तासांचे ऐकते, एवढाच अर्थ मी घेतो. म्हणून मी तीन गोष्टी एकत्र मागतो: दिवसातील बसण्या-झोपण्याच्या स्थिती बदलणे, मोजका पण पुरेसा लांब ताण देणे, आणि मिळालेली नवी लांबी त्याच दिवशी ताकद लावून वापरणे. २०२२ साली अमेरिकेतील फिजिओथेरपी संघटनेने पार्किन्सन्ससाठी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली त्यांतही दमसास, ताकद आणि तोल यांच्या व्यायामांना ठाम पाठिंबा आहे, तर नुसत्या लवचिकतेच्या व्यायामांना सौम्य. माझे मत तेच आहे. व्यायामाला अर्धाच तास मिळणार असेल तर त्यातील वीस मिनिटे झपझप चालणे, खुर्चीतून हात न टेकता उठणे आणि रबरी पट्टा मागे ओढणे यांना द्यावीत.

स्थितींपासून सुरुवात करावी, कारण त्यांना वेळ लागत नाही. मऊ सोफा सोडून ताठ पाठीची, हात असलेली खुर्ची द्यावी. टीव्ही डोळ्यांच्या रेषेत आणावा, आणि मोबाइल मांडीवर न धरता टेबलावर पुस्तकांच्या थप्पीला टेकवून ठेवावा. दर तासाला उठून पाणी पिऊन यावे. बद्धकोष्ठासाठीही ते बरे. रात्री दोन उशा असतील तर एक करावी, आणि एकीचीही जाडी महिन्याला थोडी कमी करावी. दुपारी दहा मिनिटे पालथे झोपणे हा जांघेच्या पुढच्या स्नायूंसाठी मला माहीत असलेला सर्वांत स्वस्त इलाज आहे. सुरुवातीला छातीखाली उशी घ्यावी, मान एका बाजूला वळवावी आणि रोज बाजू बदलावी. पालथे होणे जमत नसेल किंवा धाप लागत असेल तर उताणे झोपून पंच्याची गुंडाळी पाठीच्या कण्याच्या रेषेत ठेवावी आणि हात बाजूला पसरून सोडून द्यावेत. छातीचा पिंजरा ताठ झाला की श्वास उथळ होतो आणि आवाज बसतो, तेव्हा या दहा मिनिटांत सावकाश दीर्घ श्वास घेतले तर ते कामही होते.

ताण किती वेळ धरावा याला एक उपयोगी आकडा आहे. ६५ वर्षांवरील लोकांच्या मांडीच्या मागच्या स्नायूंवर २००१ साली झालेल्या एका अभ्यासात १५, ३० आणि ६० सेकंदांची तुलना केली होती, आणि सहा आठवड्यांनंतर ६० सेकंदवाल्यांना सर्वांत जास्त फायदा झाला. तेव्हा एक मिनिट, चार वेळा, आठवड्यातून किमान पाच दिवस असे धरा. छातीच्या स्नायूंसाठी दाराच्या चौकटीत उभे राहून कोपर खांद्याच्या खाली टेकवावे आणि एक पाय पुढे टाकावा. पोटरीसाठी भिंतीला हात टेकून मागची टाच जमिनीला चिकटवून ठेवावी. पोटरी आखडली की पाऊल उचलताना अंगठा जमिनीला अडखळतो आणि पडण्याचे ते एक कारण ठरते. हिसके देऊ नयेत, आणि मदत करणाऱ्याने स्वतःच्या अंगाचा भार टाकू नये.

अंग एकसंध वळते, ही तक्रार मला पोकापेक्षाही महत्त्वाची वाटते, कारण माणूस पडतो तो बहुधा वळताना. मार्गारेट शेंकमन या संशोधिकेने १९९८ साली पार्किन्सन्सच्या रुग्णांना दहा आठवडे पाठीच्या कण्याच्या लवचिकतेचे व्यायाम दिले, तेव्हा धड वळवण्याची क्षमता आणि उभ्याने हात पुढे नेण्याचे अंतर ही दोन्ही वाढली. म्हणजे इथे सुधारणेला जागा आहे. सकाळी अंथरुणातच गुडघे जोडून डावीकडे-उजवीकडे सोडावेत. नंतर स्टुलावर बसून पाण्याने भरलेला तांब्या उजवीकडून मागे न्यावा, मागे उभ्या असलेल्या माणसाच्या हातात द्यावा आणि डावीकडून परत घ्यावा. नजर तांब्याबरोबर फिरली पाहिजे. जेवताना भाजीचे भांडे समोर न ठेवता बाजूला थोडे मागे ठेवावे. हालचाल लहान होत जाणे हा या आजाराचा स्वभाव आहे, म्हणून प्रत्येक हालचाल ‘वाजवीपेक्षा मोठी’ करायला सांगावी आणि मोठ्याने आकडे मोजावेत किंवा टाळ्यांचा ठेका धरावा; बाहेरून मिळालेल्या ठेक्यावर यांची पावले आणि हात मोकळे चालतात. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. तिथे किंवा आपल्या गावात असा गट असेल तर त्यात गटाने व्यायाम करण्याने जे सातत्य येते, ते घरच्या भिंतीसमोर एकट्याने येत नाही.

पहाटे बोटे आत वळण्याचा आणि संयोजी ऊतींचा संबंध नाही. रात्रभर गोळी नसल्याने डोपामिनची पातळी उतरते आणि पावलाचे स्नायू आपोआप आवळतात. त्याला डिस्टोनिया म्हणतात. पहिली गोळी लागू झाल्यावर बोटे सरळ होत असतील तर खात्री समजावी. पाऊल जमिनीवर दाबून उभे राहिल्याने तात्पुरते बरे वाटते, पण खरा उपाय न्यूरॉलॉजिस्टने रात्रीच्या आणि पहाटेच्या औषधाची वेळ बदलणे हा आहे, आणि तेवढ्याने भागले नाही तर आवळलेला स्नायू सैल करणारे बोट्युलिनमचे इंजेक्शन. याच न्यायाने, उभे असताना कमरेतून ४५ अंशांहून जास्त वाकणारे आणि झोपल्यावर पूर्ण सरळ होणारे पोक, किंवा एका बाजूला कलणारे धड, हेही ताणाने सुटत नाही. असे काही दिसले तर आधी औषधांची तपासणी करून घ्यावी.

आता पावडर. कोलॅजेन हे प्रथिन आहे. ते पोटात गेले की इतर प्रथिनांप्रमाणेच त्याचे तुकडे होतात, आणि ते तुकडे नेमके उजव्या खांद्यात जाऊन तेथील पिशवी मऊ करतील असे मानायला कारण नाही. शरीराला कोलॅजेन बांधायला क जीवनसत्त्व लागते, ते आवळा, पेरू आणि लिंबातून मिळते. पण आपल्याला सावध करायचे कारण वेगळे आहे. प्रथिनांतील काही अमिनो आम्ले आणि लेव्होडोपा यांना आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जाताना एकच वाट लागते, आणि तिथे गर्दी झाली की गोळी कमी पडते. सकाळी गोळीबरोबरच दुधात पावडर घालून प्यायल्याने ‘गोळी लागेनाशी झाली’ म्हणत आलेले रुग्ण मी पाहिले आहेत. गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा तासाभराने नंतर घ्यावी, लोहाच्या गोळीपासूनही अंतर ठेवावे; मात्र या भीतीने वरण, उसळ, अंडे, पनीर बंद करू नये, कारण स्नायू झिजले तर ऊती मोकळ्या असून उपयोग नाही.

फॅशिया मोकळा करण्याच्या सत्रांबद्दल माझे मत मवाळ आहे. हाताने दाबून फॅशियाच्या चिकटलेल्या पापुद्र्यांची वीण सोडवता येते, हा दावा टिकत नाही. मांडीच्या बाहेरच्या आणि तळपायाच्या जाड फॅशियाचा आकार एक टक्का बदलायलाही माणसाच्या हाताबाहेरचा जोर लागेल, असे २००८ सालच्या एका गणिती अभ्यासात दाखवले आहे. तरीही मर्दनानंतर रुग्णाला सैल वाटते हे खोटे नाही. स्पर्शाने आणि उबेने चेतासंस्था निवते आणि ताठरता काही काळ उतरते. घरी कोमट तेल चोळूनही ते मिळते. तो काळ साधारण अर्ध्या तासाचा असतो, त्यात हात-पाय पूर्ण कक्षेत हलवून घेतले तर तेल चोळणे कारणी लागले. चोळून झोपी गेले तर सुख मिळाले, तेही काही कमी नाही, पण त्यासाठी दहा सत्रांचे पैसे आगाऊ भरू नयेत.

काही धोके मात्र स्पष्ट सांगितले पाहिजेत. पार्किन्सन्समध्ये हाडे ठिसूळ होण्याचे प्रमाण जास्त असते, म्हणून पाठीवर पाय देऊन दाबणारे, मान कडकन मोडणारे हाडवैद्य किंवा थेरपिस्ट यांच्या हाती वडिलांना देऊ नये. मधुमेहाने पायाची संवेदना कमी झाली असेल तर गरम पिशवीने भाजते आणि कळतही नाही. झोपून व्यायाम झाल्यावर दोन मिनिटे काठावर बसून मगच उभे राहावे, कारण रक्तदाब एकदम उतरतो. जुन्या चिठ्ठ्यांत ब्रोमोक्रिप्टिन किंवा कॅबरगोलिन ही पार्किन्सन्सवरची औषधे दीर्घकाळ दिलेली दिसली तर डॉक्टरांच्या नजरेस आणून द्यावे. या गटातील औषधांनी हृदयाच्या झडपा आणि फुप्फुसाचे आवरण यांतील संयोजी ऊती जाड होऊ शकतात. याच कारणाने पर्गोलाइड हे त्यांच्यासारखे औषध २००७ साली अमेरिकेच्या बाजारातून काढून घेण्यात आले. प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोल हीही पार्किन्सन्सवरचीच औषधे, पण ती त्या गटातील नाहीत. आणि पुढे कधी मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे डीबीएस, झाली तर शॉर्टवेव्ह डायथर्मीचा, म्हणजे यंत्राच्या विद्युतलहरींनी खोलवर उष्णता देणारा, शेक शरीराच्या कोणत्याही भागावर घ्यायचा नाही. त्याने तारा तापून मेंदूला गंभीर इजा होते, असे मृत्यूही नोंदले गेले आहेत. आपल्याकडे गुडघा दुखला की शेकाचे यंत्र लावले जाते आणि डीबीएसबद्दल कोणी विचारत नाही, म्हणून हे कागदावर लिहून फाइलला लावून ठेवावे.

राहिला गौरीच्या जेवणाचा प्रश्न. मांडी घालायला कंबरेचा सांधा बाहेर वळावा लागतो आणि गुडघा पूर्ण मिटावा लागतो. सांध्याची झीज फार नसेल आणि सांधा बदललेला नसेल तर सहा-आठ आठवड्यांत तेवढे मिळू शकते. आधी पलंगावर भिंतीला पाठ टेकवून, बुडाखाली घडीची चादर घेऊन रोज पाच मिनिटे मांडी घालून बसवा, वेळ हळूहळू वीस मिनिटांवर न्या, मग पलंगाऐवजी चौरंग आणि शेवटी पाट. खरी अडचण बसण्याची नाही, उठण्याची आहे, म्हणून उठणे वेगळे शिकवावे लागेल: आधी एका कुशीवर वळायचे, मग हात आणि गुडघ्यांवर यायचे, समोर जड खुर्ची धरायची, एक पाऊल पुढे टेकवायचे आणि मोठ्याने ‘एक, दोन, तीन’ म्हणत वर यायचे. पहिले दोन आठवडे मागे माणूस उभा हवा. त्या दिवशी पंगत उशिरा बसते आणि पुरणाच्या पोळीत, कटाच्या आमटीत डाळ असते, तेव्हा गोळी पान वाढायच्या अर्धा तास आधी द्या, आणि पंगतीत त्यांना डाव्या हाताला भिंत येईल असे टोकाचे पान ठेवा, म्हणजे उठायच्या वेळी समोर खुर्ची आणून ठेवायला जागा राहील.